पाच दिवसांचे गणपती उरकून सतोपंथ तालाला

सतोपंथचं आमच्याकडे बरीच वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. यंदा काकांनी महालक्ष्मीचं कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर आपटलं. "डिसेंबरात बासष्ट पूर्ण होतील मला. जायचं असेल तर आत्ता, नाहीतर मी एकटा जातो आणि तुम्ही माझे फोटो बघा." काका एसटीतून निवृत्त झालेले, सह्याद्रीतले किल्ले चपला घालून चढलेले. ते एकटे जातील याची सगळ्यांना खात्री होती, त्यामुळे सगळेच तयार झाले: मी, डॉक्टर असलेली मावसबहीण, तिचा नवरा आणि इंजिनीअरिंगला असलेला भाचा.

सतोपंथ ताल उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात आहे. बद्रीनाथच्या वर, साधारण २५ किलोमीटर चालून गेल्यावर, साडेचार हजार मीटरच्या आसपास. पांडव स्वर्गारोहणाला निघाले ती हीच वाट, असं तिथे मानतात. रस्ता माणा गावापाशी संपतो, मोबाइलची रेंजही तिथेच. पुढे ना चहाची टपरी, ना मुक्कामाला घर. तंबू, शिधा, रॉकेल सगळं बरोबर.

तारखांवरून बरीच घासाघीस झाली. जूनमध्ये वरच्या टप्प्यात बर्फ असतं, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दरडी कोसळतात, ऑक्टोबर उजाडला की रात्री हाडं गोठतात. राहता राहिला सप्टेंबर. पण घरी पाच दिवसांचे गणपती. मग ठरलं, विसर्जन करायचं आणि दुसऱ्या दिवशी निघायचं.

खरा वाद झाला तो राखीव दिवसांवरून. डॉक्टरीणबाईंची अट अशी की बद्रीनाथला पोचल्या पोचल्या वर चढायचं नाही, एक दिवस तिथेच काढायचा. आणि त्याशिवाय दोन दिवस मोकळे ठेवायचे. तिच्या नवऱ्याला सुट्टी मोजून मिळालेली. "मोकळे दिवस म्हणजे काय? नुसतं बसायचं?" "हो. नुसतं बसायचं." आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आणि बद्रीनाथचा बसस्टँडच ३,१०० मीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आपण बसमधून उतरतो, हे तिने कागदावर काढून दाखवलं. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियमही सांगितला. शेवटी तिचंच चाललं.

तयारीचं थोडक्यात सांगतो. परवानगी जोशीमठला काढावी लागते (आता अधिकृत नाव ज्योतिर्मठ). ओळखपत्राच्या प्रती, फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जवळ असू द्या. गाइड आणि भारवाहक माणातलेच घ्या. ही वाट दर वर्षी बदलते, कारण ती हिमनदीवरून जाते. ती फक्त त्यांना ठाऊक असते. व्यायाम म्हणून आम्ही दोन महिने सिंहगड केला, तोही पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून. पण चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. दगडांच्या राशीवरून उतरताना गुडघे जे बोलतात ते चढताना बोलत नाहीत.

हरिद्वार ते पीपलकोटी

हरिद्वारहून पहाटे जीप केली. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीला गंगा म्हणतात. आम्हाला उजवीकडची, अलकनंदा धरायची होती. रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी एकेक नदी तिला येऊन मिळत जाते. आपण उलटे जात असल्याने ती प्रत्येक प्रयागाला थोडी बारीक होते. काकांनी हे देवप्रयागलाच सांगून ठेवलं होतं आणि मग प्रत्येक पुलावर "बघा, झाली की नाही बारीक?" असं विचारत राहिले.

पीपलकोटीच्या पुढे दरड आली होती. गाड्यांची रांग डोंगराच्या वळणापलीकडे गेलेली. दोन तास झाले, चार झाले, मग पोलिसांनी सांगितलं की आज काही होत नाही. एक राखीव दिवस इथेच खर्ची पडला. मेहुण्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. तिनेही काही म्हटलं नाही, हे विशेष.

पण पीपलकोटीची ती संध्याकाळ मला पुढच्या कितीतरी गोष्टींपेक्षा जास्त आठवते. एका छोट्या ढाब्यावर बसलो. चालवणारी बाई पन्नाशीची, तिला सगळे ट्रकवाले दीदी म्हणत होते. रांग लागल्यावर तिने आणखी एक मोठं पातेलं चुलीवर चढवलं. राजमा, जाड तांदूळ आणि 'आलू के गुटके': उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, त्यावर जखियाची फोडणी. हे जखिया म्हणजे मोहरीहूनही बारीक, गडद तपकिरी बी. तेलात तडतडतं आणि दाताखाली कुरकुरीत राहतं. मावसबहिणीने कुठे मिळेल विचारलं, तर दीदीने डब्यातलं मूठभर कागदात बांधून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. "हमारे खेत में अपने आप उगता है, इसका क्या पैसा?" आम्ही आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी दिली. ती तिने चाखली, नवऱ्याला चाखवली, मग एका ट्रकड्रायव्हरला. थोड्या वेळाने पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, वो मूँगफली वाली चीज़ और है क्या?

या रस्त्यावर रात्री वाहतूक बंद असते, त्यामुळे हरिद्वार-बद्रीनाथ एका दिवसात करण्याचा अट्टहास पावसाळ्याच्या शेपटाला तरी नको. सुमारे तीनशे किलोमीटर अंतर, सगळं घाटातलं.

बद्रीनाथ: मूर्तीमातेची जत्रा

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा झाला आणि आम्ही दुपारी बद्रीनाथला टेकलो, तर मंदिर बंद आणि गाव रिकामं. सामान ठेवलं आणि हॉटेलच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, आज भगवान आईला भेटायला गेलेत.

त्या दिवशी वामन द्वादशी होती. भाद्रपदातल्या या तिथीला बद्रीनाथाचे प्रतिनिधी म्हणून उद्धवजींची मूर्ती पालखीतून नर-नारायणांच्या आईला, मूर्तीमातेला भेटायला जाते. तिचं छोटंसं देऊळ अलकनंदेच्या काठी, माणा गावाच्या समोरच्या तीरावर आहे. आम्ही धापा टाकत निघालो. (डॉक्टरीणबाई मागून ओरडत होती, "हळू! पहिला दिवस आहे!") जत्रा उतरणीला लागली होती तरी माणाच्या बायका होत्या. डोक्यावर पांढरं वस्त्र, अंगावर काळसर लोकरी पोशाख, गळ्यात चांदीच्या नाण्यांच्या माळा. घरात उगवलेली जवाची कोवळी हिरवी रोपं त्यांनी देवाला वाहिलेली, त्यातलीच दोन-दोन काड्या प्रसाद म्हणून आम्हालाही मिळाल्या. कुंपणापाशी लष्कराचे जवान पुरीभाजीच्या पत्रावळी वाटत होते. दरड नसती, तर आम्ही आदल्या दिवशीच पोचून या वेळी भलतीकडेच कुठेतरी फिरत असतो.

तिथेच आमचा गाइड भेटला. तिशीचा, बोलायला कमी, जत्रेच्या कपड्यांत असल्याने फोटोवरून ओळखूच आला नाही. काकांनी त्याला पहिल्या वाक्यापासून 'भैजी' म्हणायला सुरुवात केली. गढवाली लोक थोरल्या भावाला तसं म्हणतात. वयाने निम्म्या पोराला बासष्टीच्या माणसाने थोरला भाऊ म्हणणं त्याला इतकं अवघड झालं, की दोन दिवसांनी त्याने काकांना हात जोडून विनंती केली. काका ऐकतील तर ना.

माणा आणि वसुधारा: हळूहळू

हा सराव-दिवस. माणा बद्रीनाथपासून तीन किलोमीटर. 'भारताचं शेवटचं गाव' ही पाटी आता गेली. २०२३ पासून 'पहिलं गाव' अशी पाटी आहे. चहाच्या टपऱ्यांनी मात्र दोन्ही पाट्या जपून ठेवल्यात, ज्याला जसा फोटो हवा तसा. गावातले लोक भोटिया, त्यातले मारछा. १९६२ पर्यंत त्यांचा माणा खिंडीतून तिबेटशी व्यापार चाले. मीठ आणि लोकर इकडे, धान्य तिकडे. तो थांबला, पण लोकरीचं काम राहिलं. ओट्यावर बसून बायका गालिचे आणि पंख्या (लोकरी शाली) विणत असतात. नोव्हेंबरात बद्रीनाथाचे दरवाजे बंद होताना मूर्तीला तुपात भिजवलेली घोंगडी गुंडाळतात, ती याच गावच्या कुमारिका विणतात. हिवाळ्यात अख्खं गाव खाली उतरतं.

गणपतीचे दिवस, आणि माणात गणेशगुंफा! व्यासांनी वरच्या गुंफेत सांगितलं आणि गणपतीने खालच्या गुंफेत बसून महाभारत लिहिलं, अशी कथा. व्यासगुंफेवरचा खडक पोथीची पानं एकावर एक ठेवल्यासारखा थरांचा आहे. भीमपुलाखाली सरस्वती अशी काही गर्जत कोसळते की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. ही गडबड गणपतीला लिहू देईना, म्हणून तिला शाप मिळाला म्हणे. भाच्याचं मत: ध्वनिप्रदूषणाची पहिली तक्रार.

माणापासून वसुधारा पाच किलोमीटर. धबधबा सव्वाशे मीटर उंचीवरून पडतो आणि वारा ते पाणी पिंजून इकडेतिकडे नेतो. पापी माणसाच्या अंगावर तुषार पडत नाहीत, असं म्हणतात. काका चिंब भिजले. मेहुणे अर्धा तास जागा बदलत उभे राहिले, कोरडेच. तो विषय घरी येईपर्यंत पुरला.

उंचीचं म्हणाल तर वर जाऊन खाली झोपायला येणं, हाच या दिवसाचा उद्देश. भरपूर पाणी, कांदा-लसूण घातलेलं गरम सूप आणि दुपारी झोप टाळणं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नका.

लक्ष्मीवन

सतोपंथची वाट वसुधारेच्या बाजूने नाही, अलकनंदेच्या समोरच्या तीरावरून जाते. मूर्तीमातेचं देऊळ मागे टाकलं की चमतोलीचं कुरण लागतं. गवताला नुकता तांबूस रंग चढू लागला होता. कालचा वसुधारा आता पलीकडे पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसत होता. पुढे धानो हिमनदीने आणून टाकलेला ढिगारा पार करायचा. ही पुढच्या दगडांची पहिली चुणूक.

वाटेत अलकापुरी दिसते. सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्या इथे संपतात आणि त्यांच्या मुखातून अलकनंदा निघते. हिमनदीचं मुख म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे निळसर पांढरी गुहा होती. प्रत्यक्षात मातकट, काळपट भिंत, वर दगडधोंडे आणि खालून राखाडी पाणी भसाभस बाहेर येतंय. देवप्रयागपासून काका जिला प्रत्येक पुलावर बारीक करत होते, ती इथेही एका उडीत ओलांडण्याएवढी नव्हतीच. काकांना ते फारसं आवडलं नाही.

लक्ष्मीवन म्हणजे भूर्जांची झाडं. एवढ्या उंचीवर झाडं असणं हेच नवल, कारण पुढे एकही झाड नाही. साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटलेली, आतून गुलाबीसर. भाच्याने एक पापुद्रा सोलायला हात घातला तर भैजीने शांतपणे त्याचा हात बाजूला केला आणि खाली पडलेला उचलून दिला.

संध्याकाळी अंधार पडल्यावर लक्षात आलं, आज अनंत चतुर्दशी. पुण्यात मिरवणूक लक्ष्मी रोडवर असेल. "आत्ता अलका चौकात ढोल..." भाचा म्हणाला आणि ताटलीवर चमच्याने ताल धरला. आमच्या स्वयंपाक्याने आणि भारवाहकांनी तंबूबाहेर येऊन ऐकलं, मग त्यातल्या एकाने रॉकेलचा रिकामा डबा घेतला. त्याचा ठेका वेगळाच, पहाडी, पण दोन-तीन मिनिटांत दोघांचं जमलं. आम्ही आरती म्हटली. प्रसादाला राजगिऱ्याचे लाडू.

चक्रतीर्थ आणि बसण्याचा दिवस

लक्ष्मीवनानंतर डाव्या हाताच्या कड्यांवरून पाण्याच्या असंख्य धारा उतरतात, तिला सहस्रधारा म्हणतात. पाणी इथलंच भरून घ्या. हिमनदीच्या राखाडी पाण्यात दगडाचं पीठ असतं, ते पोटाला बाधतं.

भैजी चालता चालता कोण कुठे पडलं ते सांगत होता. द्रौपदी भीमपुलाच्या आसपास, नकुल लक्ष्मीवनात, इथे सहदेव, चक्रतीर्थाला अर्जुन. काकांनी लगेच हरकत घेतली. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदीनंतर सहदेव आहे, नकुल त्याच्या मागून. भैजी थोडा विचार करून म्हणाला, "किताब में होगा साहब. पर रास्ते में तो लक्ष्मीवन पहले आता है." यावर काकांकडे उत्तर नव्हतं.

चक्रतीर्थ सव्वाचार हजार मीटरच्या जवळपास, एक मोठं गवताळ मैदान. डावीकडे डोंगराची उंच धार. समोर चौखंबा, ७,१३८ मीटर. मागे नीलकंठ, बद्रीनाथहून दिसतो तो त्रिकोण इथून ओळखूही येत नाही. तंबू लावेपर्यंत ऊन होतं आणि चहा उकळेपर्यंत ढग खाली आले. भाच्याचं डोकं दुखू लागलं. दोन्ही दिवस सर्वांच्या पुढे पळणारा तोच होता. त्याच्या डॉक्टर मावशीने बोटाला ऑक्सिमीटर लावला, पाणी पाजलं, डोकेदुखीची गोळी दिली आणि निकाल दिला: डोकं थांबल्याशिवाय एक पाऊलही वर नाही, वाढलं तर रात्रीच खाली.

पौर्णिमा होती, पण चंद्र दिसला नाही. मध्यरात्रीनंतर तंबूवर वाळू फेकल्यासारखा आवाज सुरू झाला. गारा आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी. पहाटे चारला भैजीने तंबूत डोकं घातलं. "आज नहीं." धारेपलीकडे सगळे दगड ओले आणि त्यावर बर्फाचा पातळ थर, पाय ठरणार नाही. मेहुण्यांनी झोपेतच विचारलं, "म्हणजे आज नुसतं बसायचं?" आणि कूस बदलली.

दुसरा राखीव दिवस असा गेला. सकाळभर स्वयंपाकाच्या तंबूत स्टोव्हभोवती बसलो. मेतकूट-भात, तूप. स्वयंपाकी मेतकुटाला 'पीला सत्तू' म्हणत राहिला. दुपारी ढग फाटले तेव्हा तालाच्या बाजूने एक साधू उतरून आला. भगवी छाटी, वर लष्करी जुनं जॅकेट, पायात प्लॅस्टिकचे बूट. उन्हाळाभर तो तालाकाठच्या कुटीत होता, आता थंडी वाढल्याने खाली चालला होता. पुण्याकडचे म्हटल्यावर म्हणाला, २०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थाला आलो होतो. "गोदावरी में इस बार पानी है?" आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. "उस बार तो टैंकर की बातें सुनी थीं." चहा घेतला, साखर दोनदा मागून घेतली आणि जाता जाता सांगितलं, उद्या साफ असेल.

भाच्याचं डोकं संध्याकाळपर्यंत थांबलं. त्याने गवतात बिळापाशी बसून रुंडा बघण्यात तीन तास काढले. रुंडा म्हणजे बिनशेपटीचा, उंदराएवढा, सशाच्या कुळातला प्राणी. दगडातून बाहेर यायचा, तोंडभर गवत तोडायचा, आत पळायचा. हिवाळ्याची बेगमी. एक काडी बिळाच्या तोंडात आडवी अडकली, तर त्याने ती बाहेर ओढली, तोंडात फिरवून उभी धरली आणि मग आत गेला.

ताल

पहाटे निघालो. पहिला तास धार चढण्यात जातो, सरळ उभी. माथ्यावर पोचलो तेव्हा चौखंब्यावर ऊन आलं होतं आणि पलीकडे खाली हिमनदी पसरली होती. हिमनदी म्हणून शोधाल तर दिसणारच नाही. जिकडे तिकडे दगड. घराएवढे, माठाएवढे, मुठीएवढे. बर्फ त्यांच्या खाली.

इथे भैजीचा खरा उपयोग कळतो. वाट नाहीच. मागच्या माणसांनी एकावर एक रचून ठेवलेले दगड शोधत जायचं, आणि त्यातलेही निम्मे हलणाऱ्या बर्फाने सरकलेले. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, ज्या दगडावर काळे-हिरवे डाग आहेत त्यावर पाय द्या. तो जुना, बसलेला आहे. स्वच्छ, चकचकीत दगड नवा आलेला, तो फिरेल. शेवाळासारखी दगडफुलं धरायला वर्षं लागतात, त्यामुळे हे गणित पक्कं. एका ठिकाणी ढिगारा कापला गेला होता आणि आतला बर्फ उघडा पडलेला. काळा, ओला, दोन माणसं उंच. वरच्या कडेचे खडे सुटून टकटक खाली पडत होते. तिथून भैजीने एकेकाला पळवलं.

मोरेनवरचे, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या या दगडांच्या राशीवरचे, चार-पाच किलोमीटर म्हणजे तीन-चार तास. इथे घाई करणाऱ्याचे घोटे मुरगळतात. काठ्या दोन घ्या आणि हातमोजे घाला, थंडीसाठी नव्हे, हात टेकताना दगड कापतात म्हणून.

मग एक शेवटचा चढ, आणि खाली ताल. खरोखरच त्रिकोणी. पाणी हिरवं, पण काचेच्या बाटलीसारखं नाही, किंचित दुधाळ. ब्रह्मा, विष्णू, महेश तीन कोपऱ्यांवर बसतात आणि एकादशीला इथे स्नान करतात, अशी श्रद्धा. वारा नव्हता, तेव्हा समोरची हिमशिखरं उलटी दिसत होती. पाण्यात काडी पडली तर पक्षी येऊन उचलून नेतात, असंही सांगतात. काका काठावर बसून बराच वेळ पक्ष्याची वाट बघत होते. पक्षी आला नाही. पाण्यात काडीही नव्हती. काठावरच्या दगडांच्या फटींत मात्र चॉकलेटची वेष्टनं, अगरबत्तीचे पुडे आणि एक फाटका मोजा. भाच्याने पिशवी भरली. ज्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश इथे येतात असं वाटतं, त्यांनीच हे टाकलंय, याचा राग मला अजून जात नाही.

काकांनी तीन बुडक्या मारल्या. डॉक्टरीणबाईने आधीच बजावलं होतं की नाही म्हणजे नाही. ती पाठमोरी फोटो काढत असताना हे उरकलं. बाहेर आले तेव्हा ओठ निळे, पण तोंडातून सलग शिव्या येत होत्या, त्यामुळे तब्येत ठीक असल्याचं कळलं. टॉवेल, दोन स्वेटर, थर्मासमधला चहा आणि मग अर्धा तास डॉक्टरीणबाईचं बोलणं.

तालाच्या पुढे चंद्रकुंड, सूर्यकुंड आणि स्वर्गारोहिणीच्या पायऱ्या. तिथे आणखी एक मुक्काम लागतो, आम्ही गेलो नाही. भैजीने हिमनदीच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन हे दोघे इंग्रज गिर्यारोहक तिथली खिंड ओलांडून केदारनाथच्या बाजूला उतरले. शिधा संपल्यावर खालच्या जंगलात बांबूचे कोंब खाऊन त्यांनी दिवस काढले. मेहुण्यांनी दुर्बिणीतून खिंड नीट पाहिली. "यांच्याकडे राखीव दिवस नव्हते वाटतं," ते म्हणाले.

अकराच्या आत ताल सोडा. दुपारी ऊन तापलं की ढिगाऱ्यातले दगड सुटायला लागतात.

परत, आणि ब्रह्मकपाल

चक्रतीर्थाहून बद्रीनाथ आम्ही एका दिवसात उतरलो. लांब आहे, गुडघे दुखतात, पण हवा जाड होत जाते आणि भूक परत येते. माणात फाफराच्या (कुट्टूच्या जातीचं पहाडी धान्य) भाकऱ्या आणि पहाडी काकडीचं रायतं खाल्लं. भैजीच्या आईने काकांना विचारलं, तुम्ही माझ्या मुलाला भैजी का म्हणता? काका म्हणाले, रस्ता तो दाखवतो ना.

बद्रीनाथला खोली मिळेना. आम्ही गेलो तेव्हा रिकामं असलेलं गाव आता गच्च भरलं होतं, कारण पितृपक्ष सुरू झाला होता. अलकनंदेच्या काठी ब्रह्मकपाल आहे आणि तिथल्या पिंडदानाचं महत्त्व मोठं, त्यामुळे या पंधरवड्यात देशभरातून लोक येतात. सप्टेंबरात जाणार असाल तर परतीच्या मुक्कामाची खोली आधीच सांगून ठेवा. आम्हाला शेवटी एका धर्मशाळेत ओसरीवजा हॉल मिळाला, सोलापूरकडच्या एका कुटुंबाबरोबर. त्यांच्या आजींनी आमचे चेहरे पाहिले (नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले), पिशवीतून खोबरेल काढलं आणि विचारलं, "कुठं पडला होता रे?"

सकाळी तप्तकुंडात अंघोळ केली. पहिला डबा अंगावर घेताना भाजतं, नंतर बाहेर यावंसं वाटत नाही. काकांनी ब्रह्मकपालावर आपल्या आई-वडिलांचं केलं. गुरुजींनी गोत्र विचारलं, नावं विचारली, तीन पिढ्या. काकांना पणजीचं नाव आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मलाही माहीत नव्हतं. मग माणात परत जाऊन, भैजीच्या फोनवरून घरी काकूला फोन लावला, कारण आमच्या कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. काकूने नाव सांगितलं आणि वर विचारलं, पाण्यात उतरला नाहीत ना?

परतीची बस पहाटे पाचला सुटते. आदल्या संध्याकाळीच स्टँडवर जाऊन जागा धरून ठेवा, आणि उजवीकडची खिडकी मागू नका. खाली उतरताना दरी बरीचशी त्याच बाजूला असते, आणि मेहुण्यांना कर्णप्रयागपर्यंत डोळे मिटूनच बसावं लागलं.